विसर पडतो तेव्हा मेंदूत काय घडते?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे निराळे आणि बाजारातून परतताना घरचीच गल्ली न सापडणे निराळे. ‘वय झाले की विसरायचेच’ म्हणून आपण दोन्ही सोडून देतो. दुसऱ्या प्रकारात अल्झायमरची शंका घ्यावी.

पूर्वी या रोगाची पक्की खात्री मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होई. २००४ साली अमेरिका व कॅनडातील पन्नासहून अधिक केंद्रांनी मिळून ‘अ‍ॅडनी’ प्रकल्प सुरू केला. प्रारंभी सुमारे ८०० जण घेतले: २०० निरोगी, ४०० सौम्य विसर पडणारे, २०० रुग्ण. ठरावीक काळाने त्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले, काहींचे पेट स्कॅनही. ही चित्रे जगभरच्या संशोधकांना खुली ठेवली, हे औदार्य विरळाच! त्यांतून दिसले की, अमायलॉइड हे प्रथिन लक्षणांच्या कित्येक वर्षे आधीपासून मेंदूत साचते; आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग मागाहून आकसतो.

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना अल्झायमर वा अन्य प्रकारचा स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तरी वसई-विरारकरांनी लगेच स्कॅनसाठी मुंबईची लोकल पकडू नये. आधी आपल्या डॉक्टरांकडून थायरॉइड व बी-१२ तपासून घ्यावे. यांच्या कमतरतेनेही विसर पडतो, आणि तो औषधाने सुधारू शकतो.