रिकाम्या चौकटीत काय लिहाल?

पहिली-दुसरीच्या मुलांना ७ + □ = १२ असे उदाहरण घातले, की काही मुले चौकटीत हमखास १९ लिहितात. घरी मग "लक्ष कुठे असते तुझे?" असे सुरू होते. खरे तर मुलाचे लक्ष नीट असते. त्याला दोन संख्या दिसतात, अधिकचे चिन्ह दिसते, म्हणून तो बेरीज करतो. आणि ती बेरीज बिनचूक असते. चुकते ते '=' चे वाचन. पहिल्या दिवसापासून ३ + २ = अशीच गणिते पाहिल्यामुळे या चिन्हाचा अर्थ त्याने 'आता उत्तर लिहा' असा लावून घेतलेला असतो.

अशा वेळी "बारातून सात वजा कर" असे सांगून मोकळे होणे सोपे. उत्तर ५ येते, वहीत लाल शाईची खूणही मिळते. मात्र त्याच मुलाला पुढे ८ + ४ = □ + ५ घालून पाहा. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना हेच उदाहरण दिले होते. प्रत्येकाचे उत्तर १२ किंवा १७ आले. खरे उत्तर आहे ७.

म्हणून सुरुवात वाटी आणि चिंचोक्यांनी करावी. बारा चिंचोके मुलाकडूनच मोजून घ्या. त्याला डोळे मिटायला सांगून पाच वाटीखाली झाका. बाहेर सात दिसतात, तर वाटीखाली किती? मूल सात मनात धरून आठ, नऊ, दहा, अकरा, बारा असे मोजते आणि पाच बोटे उघडतात. काही मुले पहिलेच बोट 'सात' म्हणत उघडतात, मग सहा येतात. रागावू नका, वाटी उचलू द्या. आठवडाभर हा खेळ झाला की मगच वहीत चौकट काढा. चौकट म्हणजे ती वाटीच, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

संख्या मोठी झाली की दहावर थांबायला शिकवावे. ८ + □ = १५ : आठाचे दहा व्हायला दोन, पुढे पाच, मिळून सात.

बालमित्रांनो, आपल्या भाषेत तर ही चौकट शब्दातच दडलेली आहे! एकोणीस म्हणजे एक उणा वीस. एकोणतीस, एकोणचाळीस असे थेट एकोणनव्वदपर्यंत म्हणून पाहा. (नव्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही.) इथे इंदुरात तुम्ही हिंदीतही मोजता. उन्नीस, उनतीस तसेच आहेत, पण ८९ ला हिंदीत नवासी म्हणतात. आपला शब्द तिथेही एक उणा असल्याचे सांगतो.

'दोन्ही बाजू सारख्या' हा '=' चा अर्थ समजावायला दोन पारड्यांच्या तराजूसारखे साधन नाही. एका पारड्यात आठ आणि चार सारखे ठोकळे, दुसऱ्यात पाच. आणखी किती टाकले की दांडी सरळ होईल? पहिली-दुसरीच्या प्रत्येक वर्गात असा एक साधा तराजू असावा, अशी विश्वस्त मंडळींस विनंती आहे. फक्त तो कपाटात कुलूपबंद राहू नये.

रविवारी घरी सोडवा :
६ + □ = १३
□ + ९ = १७
७ + ६ = □ + ४

मूल चिंचोके मांडत असताना आईबाबांनी उत्तर सुचवू नये.