आमच्या संगणकातली 'बॉस'

आमच्या शाळेतला जुना संगणक बंद पडला. मला वाटलं, आता चौथी संपेपर्यंत शिकायला मिळणार नाही. मग गुरुजींनी त्यात 'बॉस' घातली. बॉस म्हणजे साहेब नव्हे! भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स. ती सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली काढली. ती फुकट मिळते.

बॉस डेबियनवरून केलेली आहे. डेबियन १९९३ साली इयान मर्डॉक या २० वर्षांच्या विद्यार्थ्याने सुरू केली. ती एका कंपनीची नाही. देशोदेशीची माणसे मिळून करतात. आतले लिखाण कोणीही वाचावे, सुधारावे, दुसऱ्याला द्यावे. आजी म्हणाली, "म्हणजे आपल्या सावडीसारखंच की!"

पडद्यावर मराठी आली. मी माझे नाव लिहिले. 'ज्ञ' मात्र अजून सापडत नाही.