रेडिओ-नोडची प्रत : ठेवणे आणि परत बसविणे

तेरीजपत्रक जुळले की वाणिज्य शाखेचा विद्यार्थी निश्चिंत होतो. परंतु एखादा व्यवहार वहीत मुळीच नोंदला गेला नसेल, तरीही तेरीजपत्रक जुळतेच, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. हौशी रेडिओच्या नोडची प्रत ठेवणाऱ्याची फसगत नेमकी अशीच होते.

नोड म्हणजे रेडिओसंच व इंटरनेट यांना जोडणारा छोटा संगणक. ऑलस्टारलिंक या जाळ्यातील नोडवर ॲस्टरिस्क ही टेलिफोन एक्स्चेंजचे काम करणारी प्रणाली चालते. पुष्कळदा हा संगणक रास्पबेरी पाय असतो आणि त्याची सारी मांडणी नखाएवढ्या मेमरी कार्डात असते. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर कार्ड बिघडू शकते.

समजा, तसे झाले. आपल्यापाशी ‘आरपीटी.कॉन्फ’ या मुख्य फाइलीची प्रत आहे. नव्या कार्डावर ती घातली, नोडचे नियम परत आले. पण नोंदणीचा पासवर्ड दुसऱ्या फाइलीत होता, म्हणून जाळे ओळख देईना. तो शोधून भरला, तर आवाजाची पातळी ‘सिंपलयूएसबी.कॉन्फ’मध्ये राहिलेली! बोलणे फाटके उमटू लागले. प्रत होती, पण अपुरी होती.

म्हणून एकेक फाइल न निवडता ‘ईटीसी’मधील संपूर्ण ‘ॲस्टरिस्क’ फोल्डर ‘टार’ आज्ञेने एका गठ्ठ्यात बांधावे. स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या घोषणा, वेळापत्रकाने चालणारी कामे आणि नेटवर्कची मांडणी यांचीही प्रत घ्यावी. गठ्ठ्यावर तारीख व प्रणालीची आवृत्ती लिहावी आणि तो दुसऱ्या संगणकावर ठेवावा. त्यात पासवर्ड उघडे असतात, तेव्हा तो कोणाच्याही हाती देऊ नये.

परत बसविताना नव्या कार्डावर तीच आवृत्ती घालावी. ॲस्टरिस्क थांबवून, मूळच्या फाइली बाजूला ठेवून गठ्ठा सोडावा. फाइलींची मालकी व परवानग्या तपासाव्यात आणि मग प्रणाली सुरू करावी. आवृत्ती बदलली असेल, तर जुन्या फाइली जशाच्या तशा चढवू नयेत. २०२४ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत फाइलींची रचनाच बदलली. तेथे जुन्या प्रतीवरून नोंदी वाचून नव्याने भरणे श्रेयस्कर. जुना व नवा संगणक एकाच क्रमांकाने एकाच वेळी चालवू नये; नोंदणीत गोंधळ होतो.

आता खरी तपासणी. नोंदणी झाली का? दुसरा नोड जोडला जातो का? आवाज दोन्ही बाजूंनी स्वच्छ येतो का? अँटेनाऐवजी डमी लोड लावून परवानाधारकाने हे पाहावे.

ही तालीम कार्ड बिघडण्यापूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, सुट्या कार्डावर एकदा करावी. प्रतीत काय राहून गेले आहे, ते तेव्हाच कळते. आणि तेव्हा जुने कार्ड अजून शाबूत असते.