पाण्यापासून पाण्यापर्यंत

चिरंजीव भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद, उपरी विशेष.

भीमाशंकरच्या जंगलातून निघून आहुपे, नाणेघाट, हरिश्चंद्रगड आणि रतनगड अशा क्रमाने घाटमाथ्याच्या कडेकडेने कळसूबाईपर्यंत सलग आठ-दहा दिवस चालण्याचा भाचीचा बेत चांगला आहे. मार्गशीर्षाचा महिनाही योग्य निवडला आहे. घाटमाथा म्हणजे सह्याद्रीची ती धार, जिच्या पश्चिमेला कडे तुटून कोकण लागते आणि पूर्वेला जमीन हळूहळू उतरत देशावर जाते. या धारेवरून चालणाऱ्याला डावीकडे दरी आणि उजवीकडे रान अशी सोबत दिवसभर असते. बेताच्या कागदात मात्र एक गोष्ट मुळातून बदलायला हवी. त्यात प्रत्येक दिवसापुढे किलोमीटरचा आकडा लिहिला आहे. तो खोडून त्या जागी दोन पाणवठ्यांची नावे लिहावीत: सकाळी ज्या पाण्यावरून निघायचे ते आणि संध्याकाळी ज्या पाण्यावर पोचायचे ते. लांबच्या चालीतला दिवस पाण्यावर आखायचा असतो, आणि उठण्याची वेळ, पाठीवरचे ओझे, जेवण, मुक्काम, गावकऱ्यांशी वागणे या साऱ्या गोष्टी त्या आखणीतूनच ठरतात.

घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तरी तिथे उन्हाळ्यात बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो, याचे कारण डोंगराच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेला लाव्हा थरावर थर पसरत निवत गेला आणि त्या थरांच्या उतरंडीतून हा डोंगर कोरला गेला. या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, पाणी साठवण्याची ताकद फार थोडी. ते मुरते ते भेगांतून, फटींतून आणि दोन थरांमधल्या सांध्यातून. अशा सांध्यात पुष्कळ ठिकाणी भाजक्या विटेच्या रंगाचा, चिकण पोताचा एक पातळ थर सापडतो. वरून झिरपलेले पाणी त्याच्यावर अडते, आडवे सरकते आणि जिथे कडा उघडा पडला असेल तिथे पाझर होऊन बाहेर येते. समोरच्या डोंगराच्या अंगावर, आजूबाजूचे गवत पिवळे पडलेले असताना, झाडीची एक आडवी हिरवी पट्टी दिसली तर तिथे बहुधा असाच सांधा असतो. वाटेवर उंबर दिसला, तर त्याच्या आसपासही ओल शोधून पाहावी. बाकीचे सगळे पावसाचे पाणी, पश्चिमेकडचे काही तासांत कोकणात आणि पूर्वेकडचे ओढ्यानाल्यांतून, जसे रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरेचे भंडारदऱ्याच्या जलाशयात, निघून जाते आणि डोंगर मागे कोरडा राहतो.

म्हणून नकाशावरच्या निळ्या रेघेवर विश्वास ठेवू नये. दिवाळीला खळाळणारा ओढा मार्गशीर्षात डोहाडोहांपुरता उरतो आणि होळीपर्यंत त्यात गोटे तेवढे राहतात. विश्वास ठेवावा तो टाक्यांवर, तोही गावकऱ्याला विचारून. टाके म्हणजे कातळात खोदलेला हौद. काही टाकी वरून उघडी असतात, तर काहींत कातळाचेच खांब राखून छत आत नेलेले असते, त्यांना खांबटाकी म्हणतात, आणि सावलीमुळे त्यांतले पाणी अधिक काळ टिकते. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख जितक्या आदराने पाहावा तितक्याच आदराने तिथली टाकीही पाहावीत, कारण दोन हजार वर्षांपूर्वी ओझ्याच्या जनावरांसह घाट चढणाऱ्या तांड्याचा दिवसही पाण्यापासून पाण्यापर्यंतच मोजला जात असणार, आणि ज्यांनी छिन्नीने कातळ फोडून अनोळखी वाटसरूंसाठी ते पाणी राखले त्यांचे ऋण आजचा प्रत्येक चालणारा बाटली भरताना घेत असतो.

टाक्यातले पाणी भरणे ही घाईने उरकण्याची गोष्ट नव्हे. पहाटे, वारा पडलेला असताना आणि कोणी पाणी ढवळलेले नसताना, टाक्याशी जावे. उतरत्या पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून तळवा पूर्ण टेकवून, एक हात कातळाला लावून उतरावे. पाण्यावर वाळक्या पानांची, धुळीची, परागांची एक तलम साय आलेली असते आणि तिच्यावरून पाणनिवळ्या धावत असतात. ती साय हाताने न फेटाळता बाटलीचे बूड हलकेच टेकवून थोडी बाजूला सारावी, बाटलीचे तोंड चार बोटे खाली न्यावे आणि पाणी स्वतःहून आत शिरू द्यावे. तळाचा गाळ एकदा उठला की तो बसायला तास लागतो आणि मागून येणाऱ्याला गढूळ पाणी मिळते. भरलेले पाणी दुपदरी सुती फडक्यातून गाळावे आणि मग उकळावे. हरिश्चंद्रगडाच्या १,४२४ मीटर उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, तरी खळखळून एक मिनिट उकळले म्हणजे पुरे होते. इंधन वाचवायचे असेल तर क्लोरीनची गोळी वापरावी, पण ती टाकल्यावर अर्धा तास थांबावे. तहानेच्या भरात पाचव्या मिनिटाला बाटली तोंडाला लावली तर गोळी टाकून न टाकल्यासारखी होते. याच गडावर देवळापुढच्या पुष्करणीत आणि केदारेश्वराच्या गुहेतल्या पिंडीभोवती पाणी कितीही नितळ दिसले तरी ते स्नानाचे व पूजेचे पाणी आहे, पिण्याचे नव्हे.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे, हा हिशेब सॅक भरताना डोळ्यांपुढे असावा. मार्गशीर्षातल्या दिवसाला चालताना माणशी तीन ते चार लिटर पाणी लागते, आणि दोन पाणवठ्यांमध्ये सहा तासांची कोरडी धार असेल तर ते सगळे पाठीवरून न्यावे लागते. तेवढे वजन घ्यायचे तर कपडे, भांडी आणि हौसेच्या वस्तू यांत काटछाट आधीच करायला हवी. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास, असा ठोकताळा नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला होता. तो उघड्या डोंगरांसाठी आणि हलक्या पाठीसाठी ठीक आहे. कारवीच्या दाटीत, घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरुमाच्या उतारावर, आणि बारा किलोंची सॅक घेऊन चालताना त्यात निम्मा वेळ आणखी मिळवावा. कारवी ही घाटमाथ्यावरची सरळसोट, खरखरीत पानांची झुडपे. सुमारे आठ वर्षांनी एकदाच ती सगळी मिळून फुलतात आणि मरतात, आणि त्यांच्या वाळल्या काठ्यांचे कुड विणून, वर शेणमाती लिंपून इथल्या घरांच्या भिंती होतात. पुरुषभर कारवीत शिरल्यावर दहा पावलांपुढचे दिसत नाही आणि ढोरवाटा, म्हणजे गुरांच्या येण्याजाण्याने पडलेल्या वाटा, माणसांच्या वाटेसारख्याच दिसतात. अशा ठिकाणी वाट चुकली तर पुढे रेटू नये, शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यावे. त्या परतीचे पाणीही हिशेबात धरलेले असावे, आणि सॅकमधली शेवटची बाटली मुक्कामाचे पाणी डोळ्यांना दिसेपर्यंत उघडू नये.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हाताशी अकरा तासांचा उजेड असतो. त्यातली चाल दुपारी बारापूर्वी बहुतेक संपवावी. पहाटे पाचला उठून, चहा आणि पोटभर नाश्ता करून, दोन ग्लास पाणी पोटात घालून उजाडताच निघणाऱ्याचे पाणी वाचते. उशिरा निघणारा तेच अंतर उन्हात चालतो आणि दुप्पट घाम गाळतो. दुपारी झाडाखाली तासभर बूट-मोजे काढून बसावे, मोजे उलटे करून उन्हात टाकावेत आणि तळपाय निरखावा. फोड येण्याआधी कातडी लाल व गरम होते, त्याच वेळी तिथे चिकटपट्टी लावली तर पुढचे चार दिवस सुखाचे जातात. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून नुसते पाणी ढोसून भागत नाही. एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, चमचा चहाचा, हे प्रमाण पाठ असावे. आमसूल किंवा लिंबू त्यात चवीला आले तर उत्तम. लघवी गडद पिवळी होऊ लागली की शरीर पाणी मागते आहे, हे ओळखायला तहान लागण्याची वाट पाहू नये.

आता सर्वांत जपून लिहिण्याची गोष्ट. या वाटेवरच्या वाड्या महादेव कोळी आणि ठाकर समाजांच्या आहेत, आणि नाचणीची भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा तिथल्या घरांतून मागितल्यावाचून पुढे येतो. जेवणाचे पैसे द्यावेत आणि ते देताना घासाघीस करू नये, हे भाचीला सांगण्याची गरज नाही. पाण्याचे मात्र सांगायला हवे. ओढा आटल्यावर गावातल्या बाया त्याच्या पात्रात हाताने वाळू-गोटे उपसून खड्डा करतात. त्याला झिरा म्हणतात. त्या खड्ड्यात पाणी बाजूने हळूहळू जमते, ते वाटीने उचलून फडक्यातून हंड्यात ओतायचे, वाटी रिकामी झाली की पुन्हा जमेपर्यंत बसून राहायचे, आणि असा एक हंडा भरायला अर्धा-पाऊण तास जातो. मार्गशीर्षात ही वेळ सगळीकडे आलेली नसते, पण जिथे आली असेल तिथे चार लिटरची रिकामी पिशवी घेऊन पुढे होणारा पाहुणा त्या बाईच्या घरचा स्वयंपाक लांबवतो. ती बाई पाहुण्याला नको म्हणणार नाही; आधी भरून घे म्हणेल. म्हणून तिने म्हटले तरी आधी भरू नये. तिचा हंडा भरून होऊ द्यावा, तो डोक्यावर चढवायला हात लावावा आणि मग पिण्यापुरते घ्यावे; हातपाय धुणे त्या दिवशी राहिले तरी चालते.

मुक्काम पाण्याच्या जवळ हवा, पण पाण्याला लागून नको. पाणवठ्यावर रात्री जनावरे येतात, आणि माणूस तिथे पथारी टाकून बसला की भेकर आणि रानडुक्कर तहानलेले परततात. शंभर पावलांचे अंतर राखले म्हणजे दोघांचीही सोय होते. भांडी राखेने घासावीत आणि खरकटे पाणी टाक्यापासून लांब मातीत ओतावे. साबण जैविक म्हणून विकत घेतलेला असला तरी तो टाक्यात जाता कामा नये, कारण टाक्याला वाहते तोंड नसते आणि त्यात पडलेली गोष्ट पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच राहते. शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, उताराच्या दुसऱ्या अंगाला जावे, वीतभर खोल खड्डा करून तो मातीने बुजवावा. रात्रीची खिचडी डाळ-तांदळाच्या तिप्पट पाणी घेते, म्हणून ज्या मुक्कामी पाणी कमी तिथे पोहे भिजवून खावेत आणि खिचडी भरल्या टाक्याच्या मुक्कामासाठी राखावी. शेकोटीचा मोह थंडीमुळे होतो, घाटमाथ्यावर पारा दहा अंशांखालीही जातो. तरी वाळल्या गवतात ती पेटवू नये, कारण तिथे लागलेला वणवा विझवायला पाणी कुठून आणायचे हा प्रश्न आहे. अंधारात पाण्याला जायचे झाले तर पायात बूट आणि हातात विजेरी हवीच. फुरसे हा लहानसा विषारी साप दगडगोट्यांच्या रंगात मिसळून बसतो आणि त्याच्यावर पाय पडेपर्यंत दिसत नाही. ज्या कड्याला आग्या मोहोळ लटकलेले असेल त्याच्या खालच्या टाक्याशी धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळून, हळू आवाजात पाणी भरून निघावे. वाटेवर लागणाऱ्या दोन्ही अभयारण्यांत वनखात्याची परवानगी आधी घ्यावी, आणि हरिश्चंद्रगडाहून पाचनई-कुमशेतमार्गे कात्राबाईच्या खिंडीतून रतनवाडीला जाताना कुमशेतचा वाटाड्या सोबत घ्यावा. कोणता झरा अजून जिवंत आहे हे त्याला घरबसल्या ठाऊक असते.

सॅकच्या वरच्या कप्प्यात एक छोटी वही आणि शिसपेन्सिल ठेवावी, आणि प्रत्येक पाणवठ्याशी चार गोष्टी टिपाव्यात: तारीख, जागा सापडण्याची खूण, पाणी किती खोल, आणि ते पुढे किती दिवस पुरते असे गावात कोणी सांगितले. शाई दवाने फुटते, म्हणून पेन नको. कोरडे सापडलेले टाकेही लिहावे, ते लिहिणे तर अधिक गरजेचे. सोबत पाठवलेली जुनी वही याच वाटेची आहे; तिच्यातली तीन पाने घामाने पुसट झाली आहेत, ती रतनगड ते साम्रद या टप्प्याची आहेत आणि भाचीने ती नव्याने लिहून आणावीत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

मामाचे आशीर्वाद