‘नाताळ’ शब्द आणि फादर स्टीफन्सचे पुराण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाल बाजारालगत माझे बालपण गेले. आढतीवर ‘अरहर’ आणि ‘आलू’, घरात ‘तूर’ आणि ‘बटाटा’. डिसेंबरअखेर बाजारात ‘बडा दिन’ असे. आई मात्र ‘नाताळ’ म्हणे. हा शब्द कुठला, असे कधी विचारावेसे वाटले नाही.

गेल्या वर्षी येथील एका अभ्यासवर्गात जुन्या ओवीबद्ध ग्रंथांच्या यादीत ‘ख्रिस्तपुराण’ घ्यावे, असे मी सुचवले. ‘तो आपला ग्रंथ कसा?’ असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले आणि नाव गळले. तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही.

‘नाताळ’ मूळचा लॅटिन, जन्माशी संबंधित. पोर्तुगीजांकरवी तो मराठीत आला. वास्को द गामाने १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या एका किनाऱ्याला हेच नाव दिले. बटाटा, पाव, पगार, चावी हेही पोर्तुगीजांकडूनच आले. पण माल आला की त्याचे नाव येतेच. ‘नाताळ’ धर्माबरोबर आला. हिंदीने ‘पादरी’ घेतला, सणाचे नाव मात्र स्वतःचे घडवले.

त्या धर्मप्रसाराचा इतिहास सरळ नाही, आणि सभासदांचा प्रश्नही निराधार नव्हता. गोव्यातील साष्टीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, धर्मांतरामागे सत्तेचा दाब होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला तो याच काळात, आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. जुनी पुराणे दुरावलेल्या नवख्रिस्ती लोकांना ऐकायला पुराणच हवे होते. स्टीफन्सने ते त्यांना १६१६ मध्ये दिले: बायबलची कथा, दोन भागांत, सुमारे अकरा हजार ओव्या. ज्ञानेश्वर-एकनाथांचा छंद त्याने तसाच उचलला. एकनाथ तर त्याचे समकालीन. ख्रिस्ती स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायलाही तो कचरला नाही. माझ्या मते ग्रंथाचे मर्म येथे आहे. धर्म परका होता. तो सांगायला शब्द मात्र इथल्याच कीर्तनकारांचे, पुराणिकांचे घ्यावे लागले. प्रभाव एकाच दिशेने वाहिला नाही.

छापताना ही मराठी रोमन लिपीत गेली. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. म्हणजे ज्या राज्यात हे पुराण छापले गेले, तेच राज्य त्याच्या भाषेवर उठले. ग्रंथ ख्रिस्ती घरांत टिकला. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये तो देवनागरीत आणला.

(उत्तरेकडच्या मिशनऱ्यांची कथा वेगळी. विल्यम केरीने बंगालमधील श्रीरामपूरला १८०५ मध्ये मराठी व्याकरण काढले, १८१० च्या शब्दकोशासाठी मोडीचे खिळे वापरले. आमच्या शिंदेशाहीचे दफ्तरही मोडीतच, म्हणून ही नोंद.)

गंमत अशी, की मराठीच्या थोरवीच्या स्टीफन्सच्या ओव्या आमच्याकडे दर २७ फेब्रुवारीला व्यासपीठावरून म्हटल्या जातात. म्हणणाऱ्यांत ते ज्येष्ठ सभासदही असतात, आणि त्यांचा आवाज उत्तम आहे. त्या ओव्या याच ग्रंथाच्या आरंभी येतात. यंदाच्या यादीत मी नाव पुन्हा घातले आहे. त्या ओव्यांपासूनच वाचायला बसू, असे त्यांना कळवले आहे.