फोर्ट्रान भाषेंत जागेची मागणी

संगणकाकडून हिशेब करवावयाचा म्हणजे प्रथम आंकडे ठेवण्यास जागा पाहिजे. ती किती लागेल हें प्रोग्राम लिहितांना ठरवावें कीं तो चालू असतांना? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंत पावसाच्या अंदाजाचीं मोठीं गणितें ज्या फोर्ट्रान भाषेंत लिहिलेलीं आहेत, तिच्याच उदाहरणानें आम्ही या प्रश्नाचा विचार करूं.

जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५७ सालीं ही भाषा लोकांपुढें आणली. पुढें १९७८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'फोर्ट्रान ७७' या प्रमाणांतही अ‍ॅरेची, म्हणजे आंकड्यांच्या रांगेची, लांबी आधींच लिहून ठेवावी लागे. शुभवर्तमानांतील बुरूज बांधणाऱ्याप्रमाणें खर्चाचा हिशेब आधीं! वर्गांत मुलें ६ असोत वा ६०, गुणांसाठीं जागा १०० ची. आणि १०१ वा आला तर त्याचे गुण भलत्याच आंकड्यावर लिहिले जाण्याचें भय. म्हणून कंपायलर करणाऱ्यांनीं आपापल्या सोयी काढल्या. क्रे यंत्रांवरील पॉइंटर हा त्यांपैकीं प्रसिद्ध होय. परंतु एका कंपायलरची सोय दुसऱ्यास कळेलच असें नव्हतें.

'फोर्ट्रान ९०' नें 'अ‍ॅलोकेट' ही आज्ञा सर्वांसाठीं एक केली. आतां मुलांची संख्या वाचावी व मग तेवढीच जागा मागावी. सोबत 'स्टॅट' मागितल्यास, जागा न मिळाली तर त्यांत शून्याहून निराळा आंकडा येतो. न मागितल्यास प्रोग्राम तेथेंच थांबतो.

खरा घोटाळा पुढें झाला. 'फोर्ट्रान २००३' नें सांगितलें कीं, अ‍ॅलोकेट करण्याजोग्या लहान रांगेंत मोठी रांग ठेवली तर तिची जागा आपोआप वाढावी. जीफोर्ट्राननें हें २०११ सालच्या ४.६ या आवृत्तींत केलें. इंटेलच्या कंपायलरनें मात्र २०१६ सालच्या १७ व्या आवृत्तीपासून तें न मागतां करण्यास आरंभ केला. त्यापूर्वीं तेथें वेगळी सूचना द्यावी लागे. ती विसरल्यास तीच निर्दोष ओळ एका यंत्रावर बरोबर उत्तर देई, तर दुसऱ्यावर परक्या जागेंत लिही. प्रोग्राम मध्येंच कोसळला तर तें भाग्यच समजावें. चुकीचें उत्तर निमूटपणें छापलें जाणें अधिक वाईट.

वरच्या वर्गांतील मुलांनीं हें करून पाहावें. जीफोर्ट्रान फुकट मिळतो. त्यास आपोआप वाढ न करण्याची व सीमा तपासण्याची अशा दोन्ही सूचना द्याव्या, ३ आंकड्यांच्या रांगेंत ५ ठेवावे, आणि तो काय तक्रार करितो तें वहींत उतरून घ्यावें.