सही खरी, की नुसतं सर्टिफिकेट?

ऑनलाइन सही केलेली बॅट घेताना आपण आधी सर्टिफिकेट बघतो. पण अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये एफबीआयने बनावट सह्यांच्या टोळ्या पकडल्या, तेव्हा त्या मालासोबत सर्टिफिकेटंही होती!

आपल्या जव्हार-मोखाड्याच्या वारली चित्रांचंही तेच. मुळात लग्नाचा चौक सवासिणी भिंतीवर काढायच्या, त्यावर सही कुणाची? जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांच्यासारख्यांमुळे चित्र कागदावर आलं, विकलं जाऊ लागलं आणि मग खालच्या नावाला किंमत आली. २०१४ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन कला कुठली ते सांगतं, हात कुणाचा ते नाही.

मग करायचं काय? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. छापील रेषेत बहुतेक वेळा बारीक ठिपके दिसतात. हाताची रेघ काडीच्या दाबाप्रमाणे जाड-बारीक होते, रंग किंचित वर उठलेला असतो. बॅटवरच्या सहीतही असाच दाब आणि वेग बघतात. अर्थात नक्कल हातानेच केली असेल तर भिंगाचंही फार चालत नाही. आणि फोटोत यातलं काहीच धड दिसत नाही, ही खरी गोची! छापील माल हाताच्या भावात खपला की पाड्यावरच्या चित्रकाराचं गिऱ्हाईक जातं. म्हणून पैसे भरायच्या आधी चित्रकाराचं नाव-गाव विचारा. विकणारा गडबडला, तर सरळ जव्हारची एसटी पकडा.